डबल बेल : रुमालाचा मान

(एसटीत एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. ३४ वर्षं मी हेच केलं. त्यातली २६ कंडक्टर म्हणून गळ्यात बॅग अडकवून आणि शेवटची ८ स्टँडच्या नियंत्रण कक्षात, माईकसमोर. या महिन्याची बरीच पत्रं एकाच गोष्टीवर आली : माणसं नियम का मोडतात. त्यातली पाच घेतली आहेत.)

मास्तर, परवा तालुक्याच्या स्टँडवर मी पाऊण तास रांगेत उभी होते. गाडी फलाटाला लागली आणि रांग फुटली. कोणी खिडकीतून रुमाल टाकला, कोणी टोपी, एकाने तर पाण्याची बाटली. मी आत गेले तर सगळ्या जागा धरलेल्या आणि बसलेलं कोणीच नाही! हीच माणसं एरवी दारात आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात. मग स्टँडवर यांच्या अंगात काय शिरतं?
— एक शिक्षिका, जि. सांगली

बाई, एक विचारू? त्यातला एखादा रुमाल उचलून तुम्ही तिथं बसलात का? नाही ना. मला ठाऊक होतं.

रुमालाची हीच गंमत मी २६ वर्षं पाहिली. दारातून कोपर मारत आत घुसलेला माणूस, ज्याने म्हातारीला मागं रेटलं, बाळ कडेवर घेतलेल्या बाईची पर्वा केली नाही, तोच माणूस सीटवरचा एक मळका रुमाल बघतो आणि निमूट पुढं जातो. रुमाल कोणाचा ते त्याला माहीत नसतं. मालक अजून खाली दारात अडकलेला असतो. रुमाल उचलून खिशात घातला तरी बघणारं कोणी नाही. तरी तो हात लावत नाही. आणि एखाद्याने सरकवलाच, तर सगळी गाडी त्याच्यावर तुटून पडते : "ओ पाव्हणं, दिसत न्हाई का, रुमाल टाकलाय!"

हा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही. नियमाने बोलायचं तर आरक्षण नसलेल्या गाडीत जो आधी बसेल त्याची जागा. पण भांडण माझ्यापर्यंत आलं की मीसुद्धा काय विचारायचो? "रुमाल आधी कोणाचा पडला?" अंगावर सरकारी खाकी, आणि न्याय रुमालाचा.

तेव्हा तुमच्या प्रश्नात मी थोडी दुरुस्ती करतो. त्या माणसांनी नियम सोडलेला नाही, बदललेला आहे. रांगेचा नियम भिंतीवर लिहिलेला असतो आणि तो पाळताना कोणी दिसत नाही. रुमालाचा कुठंच लिहिलेला नाही आणि सगळे पाळताना दिसतात. माणूस वाचलेल्या नियमापेक्षा दिसलेला नियम धरतो. रात्रीच्या मुक्कामी गाडीला वीसच माणसं असायची. तेव्हा हीच मंडळी "तुम्ही बसा", "नाही, आधी तुम्ही" करत चढायची. जागा पुरणार नाही आणि आपण सभ्यपणा केला तर फक्त आपणच उभे राहू, या दोन शंका मनात आल्या की हात खिशातल्या रुमालाकडे जातो.

माझी धाकटी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिने मला अमेरिकेतल्या स्टॅन्ली मिलग्रॅम या प्राध्यापकाची गोष्ट सांगितली. १९७०च्या दशकात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवलं. करायचं एवढंच : धडधाकट असताना बसलेल्या माणसाकडे जायचं आणि कारण न सांगता म्हणायचं, "तुमची जागा मला द्याल का?" शंभरातल्या ६८ जणांनी जागा दिली, कोणी उठून, कोणी सरकून. पण मला मजा वाटली ती मागणाऱ्यांची. पोरांच्या तोंडून शब्द फुटेनात. स्वतः मिलग्रॅम गेले, तर त्यांच्याही घशात वाक्य अडकलं. आणि जागा मिळाल्यावर त्यांना असं वाटायला लागलं की आता आपण आजारी दिसलं पाहिजे, म्हणजे मागणं खोटं ठरणार नाही!

मी लेकीला म्हटलं, हे मी पाहिलंय. अकरावीतलं पोर पहिल्यांदा रुमाल टाकतं, मग आत येऊन बसतं आणि सांगलीपासून उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघतं. कोणाच्या नजरेला नजर देत नाही. मान लाल झालेली असते. बारावीत ते दोन रुमाल आणतं, एक मित्रासाठी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला ते सीटच्या पाठीवर हात पसरून खालच्यांना ओरडून विचारतं, "अजून किती जण आहात?" नियम मोडणं आपल्याला जन्मतः सोपं असतं असं मला वाटत नाही. पहिल्यांदा ते अंगाला झोंबतं. पुढं कातडी जून होते.

नियंत्रक झाल्यावर मी एक उपाय केला होता. गाडी फलाटाला लावण्याआधी ड्रायव्हरने सगळ्या काचा बंद करायच्या. दोन आठवडे रुमाल बंद. तिसऱ्या आठवड्यापासून रुमाल ड्रायव्हरच्या दारातून यायला लागले.

आमच्या सोसायटीत पाहुण्यांसाठी चार गाड्यांची जागा राखीव आहे. सभासदच तिथं गाड्या लावायचे. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून दिवसाला १०० रुपये दंड ठेवला. आधी दोघे-तिघे लावायचे, आता चारही जागा कायम भरलेल्या. दंड मात्र वेळेवर भरतात! आम्ही कुठं चुकलो?
— सेक्रेटरी, एक गृहनिर्माण संस्था, ठाणे

सेक्रेटरीसाहेब, ठाण्यात १०० रुपयांत दिवसभर सावलीतली जागा? मला गाडी नाही, नाहीतर मीही लावली असती.

तुम्ही दंड ठेवला नाहीत, भाडं ठरवलंत. आधी तिथं गाडी लावणाऱ्याला वॉचमनसमोरून जाताना जरा मान खाली घालावी लागायची. आता तो पावती घेऊन ताठ मानेने जातो. इस्राएलमधल्या हैफा शहरात हाच प्रयोग पाळणाघरांवर झाला आणि २००० साली तो छापून आला. मुलांना न्यायला आई-बाप उशिरा यायचे आणि बाई खोळंबायच्या. दहांपैकी सहा पाळणाघरांनी उशिराला १० शेकेल दंड लावला. उशीर करणारे कमी व्हायचे सोडून जवळजवळ दुप्पट झाले. पुढं दंड काढून टाकला, तरी आकडा खाली आला नाही. बाईंचा संकोच एकदा विकत घेता आला, तो मग परत आला नाही. तुम्हीही ठराव मागं घेतलात तर चार गाड्या तिथंच राहतील, ही तयारी ठेवा.

दंड कधीच चालत नाही असं मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांतले परदेशी राजनैतिक अधिकारी कुठंही गाड्या लावायचे, कारण त्यांच्याकडून पैसे वसूल करता येत नव्हते. १९९७ ते २००२ मध्ये दीड लाखावर पावत्या थकल्या. २००२ साली शहराला त्या गाड्यांच्या खास नंबरप्लेटा काढून घ्यायचा अधिकार मिळाला आणि प्रकार एकदम ९८ टक्क्यांनी उतरले. नॉर्वे आणि स्वीडनच्या लोकांची एकही पावती थकलेली नव्हती, तीही वसुली होत नसताना. त्यांच्या गावचा रुमाल वेगळा, दुसरं काय!

तेव्हा १०० चे १५० करू नका. एक तर दंड असा ठेवा की तो भरण्यापेक्षा गाडी हलवणं परवडेल, नाहीतर दंडच नको. माझ्या मनातलं सांगू? गाडी लावणाऱ्या सभासदाचा फ्लॅट क्रमांक फळ्यावर लिहू नका, त्याने माणसं चिडतात. ज्या दिवशी कोणाचे म्हातारे पाहुणे जागा नाही म्हणून रस्त्यावर उतरून चालत येतील, त्या दिवशी त्या पाहुण्यांची आणि गाडीवाल्याची लिफ्टपाशी गाठ घालून द्या. ओळख करून द्या फक्त. भांडू नका.

जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या की तिथं कोणी थुंकत नाही. पण "येथे थुंकू नये" अशा पाटीखाली मात्र हमखास थुंकतात. असं का?
— एक वाचक, सोलापूर

कारण पाटी वाचावी लागते आणि कोपरा दिसतो. लाल झालेला कोपरा म्हणतो, "इथं थुंकतात." पाटीचा आवाज त्याच्यापुढं लहान पडतो.

अमेरिकेत ॲरिझोनात दगड झालेल्या लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. लोक तुकडे खिशात घालून नेतात. एका वाटेवर पाटी लावली, तिचा आशय असा : आजवर पुष्कळ लोकांनी लाकूड नेलं, त्यामुळे जंगल बदललं. तिथं आधी खूण करून ठेवलेले तुकडे ८ टक्क्यांच्या आसपास गायब झाले. दुसरीकडे नुसतं "लाकूड नेऊ नका" लिहिलं, तिथं २ टक्क्यांहूनही कमी. पहिली पाटी लिहिणाऱ्याने कळवळ्याने लिहिलं, पण वाचणाऱ्याने त्यातून एवढंच घेतलं की सगळेच नेतात. आपल्याकडचे नेते आणि मुख्याध्यापक भाषणात "हल्ली कोणीच नियम पाळत नाही" म्हणतात, तेव्हा मला ती पाटी आठवते.

देवांच्या टाइल्सचं म्हणाल, तर थुंकणारा देवाला भितो की नाही ते देव जाणे. तो कोपरा स्वच्छ राहतो, आणि स्वच्छ कोपऱ्यात पहिली पिचकारी टाकायला सगळ्यांनाच जड जातं. जिन्याच्या वळणावर साईबाबा, येशू आणि मक्का एका ओळीत पाहिले की मला बरं वाटतं, कारण काही का असेना.

वडील जाऊन दीड वर्ष झालं. आई ६३ वर्षांची आहे. संक्रांतीला शेजारच्या काकूंनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. ती गेली आणि कुंकू लावून आली. घरात आत्या होत्या. त्या स्वतः २७व्या वर्षी विधवा झालेल्या. त्या आईशी बोलायच्या बंद झाल्या, भावकीत चर्चा झाली. आईचं चुकलं असं मला वाटत नाही. पण मग रांग मोडणारा आणि माझी आई यांत फरक काय? दोघांनीही रूढ नियमच मोडला ना?
— एक मुलगा, जि. कोल्हापूर

प्रश्न चांगला आहे. यावर मी चार दिवस घेतले.

कंडक्टरला फरक एकाच जागी सापडतो : तिकीट कोण काढतंय? पहिल्या पत्रातल्या रुमालवाल्याने नियम मोडला, त्याचे पैसे त्या शिक्षिकेने भरले, उभं राहून. तुमच्या आईने मोडला आणि तिकीट स्वतः काढलं. पूर्ण आकाराचं, सवलत न घेता. नणंदेचा अबोला, भावकीची कुजबुज, सगळं तिच्याच नावावर.

१८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि कोकणात मुरूडला आपल्या गावी गेले. गावाने बहिष्कार घातला. कर्व्यांनी लपूनछपून काही केलं नव्हतं, बहिष्कार पडणार हे त्यांना माहीत होतं. चोरून नियम मोडणारा आणि उजेडात मोडणारा हे दोन वेगळे प्रवासी आहेत. एक तपासनीस दिसला की मागच्या दाराने उतरतो. दुसरा पुढच्या बाकावर बसलेला असतो.

आणि नियम नक्की कोण मोडतंय हेही बघावं लागतं. महाडचं चवदार तळं घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं ठरवलं होतं. कागदावर सगळं झालं होतं. पण २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले आणि त्या तळ्याचं पाणी प्याले, तेव्हा गावातल्या सवर्णांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. लिहिलेला नियम पाळणाऱ्यांना मार बसला, आणि मारणाऱ्यांची खात्री होती की नियमाच्या बाजूने आपणच आहोत. तोही एक रुमालच होता, शेकडो वर्षांपूर्वी कोणी तरी टाकून ठेवलेला. मालक कुठं दिसत नाही आणि सगळी गाडी त्याची राखण करते.

तुमच्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हा ठराव आईला वाचून दाखवा. भावकीला दाखवून उपयोग नाही, ते म्हणतील, "त्यांच्यात चालत असंल."

आता आत्यांचं. त्यांच्यावर रागावू नका. २७व्या वर्षापासून त्यांनी या नियमाचे पैसे भरलेत. दर संक्रांतीला, दर डोहाळजेवणाला, दर लग्नात मागच्या खोलीत बसून. आणि एक दिवस वहिनी शेजारी जाते आणि कुंकू लावून येते, आकाश काही कोसळत नाही. म्हणजे ते सगळं फुकट भरलं होतं का? हा हिशोब त्यांच्या तोंडावर कोणी मांडू शकत नाही, त्यांना स्वतःलाही मांडवत नाही. म्हणून अबोला. नियमाची सगळ्यात कडक राखण तोच करतो ज्याला तो सगळ्यात महाग पडलेला असतो. माझ्या मोठ्या चुलतीकडून मी हे शिकलो. तिच्या वाटेला कोणी गेलं नाही, आणि आम्ही सगळे तिला खाष्ट म्हणायचो.

पुढच्या संक्रांतीला काकूंना सांगा, बोलावणं आत्यांनाही करा. त्या येणार नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी परत करा.

मास्तर आजोबा, मी नववीत आहे. लहानपणी आई कंडक्टरला माझं वय कमी सांगायची आणि मला गप्प बसायला सांगायची. घरी मात्र खोटं बोललं की मार! तुम्हाला ते कळायचं का? आणि तुम्ही कधी नियम मोडला का? खरं सांगा.
— एक विद्यार्थिनी, जि. सातारा

कळायचं, बाळ. पाच वर्षांच्या आत तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. आई म्हणायची "चारचा हाय", आणि पोराचे पुढचे दोन दात पडलेले! दात पाचाच्या आत सहसा पडत नाहीत. मी आईशी वाद घालायचो नाही, पोराला विचारायचो, "कितवीत रं?" "दुसरीत!" असं ते छाती काढून सांगायचं, कारण त्याला दुसरीत असल्याचा अभिमान असायचा. मग आईचा चिमटा आणि अर्धं तिकीट. यातल्याच एका बाईला मी चुकून पाच रुपये जास्त दिले होते. गाडी सुटल्यावर ती पोराला कडेवर घेऊन मागं धावत आली ते परत करायला. तुझ्या आईला विचार, तीही धावली असती. माणसाकडून घेतलं की चोरी आणि गाडीकडून घेतलं की काटकसर, असे दोन खिसे आपण सगळे शिवून घेतो.

तुझा दुसरा प्रश्न. मोडला आहे.

१९८६ची गोष्ट. मला तीन वर्षं झाली होती नोकरीला. मुक्कामी गाडी, रात्री साडेनवाला फाट्यावर चार-पाच माणसं चढायची, शेवटच्या गावापर्यंत. एका जुन्या सहकाऱ्याने शिकवलं होतं : अर्धे पैसे घ्यायचे, तिकीट द्यायचं नाही, दोघंही खूश. "एवढ्यानं एसटी बुडत न्हाई." पहिल्या रात्री माझ्या हाताला इतका घाम आला की नाणी निसटून सीटखाली गेली. गावात मुक्कामाला पडलो, तर तीनदा उठून बॅग मोजली. दुसऱ्या आठवड्यात एकदाच मोजली. महिन्याने मोजलीच नाही, घोरलो.

मग एक म्हातारी चढली, सोबत चार-साडेचार वर्षांचा नातू, ज्याला खरोखरच तिकीट लागत नव्हतं. तिने निम्मे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि हात तसाच पुढं धरून राहिली.

"आज्जी, काय?"

"तिकिट द्या की."

"पुढंच तर उतरायचंय. निम्म्यात सोडलंय न्हवं?"

"मला नगं हो. ह्याला लागतंय. डबा भरून ठिवल्यात घरात. गाडी गाडी खेळतंय, कंडाक्टर हुतंय."

पोराने हात पुढं केला होता. मी ट्रेमधून पूर्ण आकाराचं तिकीट फाडलं, पंच मारला आणि त्याच्या तळव्यावर ठेवलं. उरलेले साठ पैसे माझ्या खिशातून काढून बॅगेत टाकले. त्याने तिकीट डोळ्याला लावलं आणि पंचाच्या भोकातून आधी गाडीतला दिवा बघितला, मग मला.